आजार बरा झाला, माणूस मात्र खाटेला खिळला

महोदय,
न्यूमोनियासाठी वडिलांना रुग्णालयात ठेवले होते. न्यूमोनिया आठवड्यात आटोक्यात आला. पण आत जाताना स्वतःच्या पायांनी गेलेले वडील घरी आले ते व्हीलचेअरवरून. 'वयच झालंय' म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मला ते पटत नाही.

निरोगी ज्येष्ठांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांचे सुमारे एक किलो स्नायू झडतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. तेही आजार नसताना! इथे तर ताप, उपाशीपोटी तपासण्या, रात्रभर दिवे आणि पडू नये म्हणून 'उठू नका'चा धोशा. गरज संपल्यावरही राहिलेली लघवीची नळी म्हणजे तर पायातली बेडीच. आंघोळ, कपडे, शौचालय, जेवण या साध्या गोष्टी दुसऱ्याच्या हाती गेल्या की मनही खचते. वडील गप्प झाले, जेवण टाकू लागले. आम्ही त्याला अशक्तपणा समजलो. ज्येष्ठांतले नैराश्य अनेकदा असेच येते, रडण्याऐवजी 'भूक नाही' म्हणत. ते ओळखायला १५ प्रश्नांची सोपी चाचणी १९८६ पासून उपलब्ध आहे. ती वडिलांची कुणी घेतली नाही, आणि आम्हालाही त्याबद्दल विचारायचे सुचले नाही.

दाखल होतानाच रुग्ण घरी काय काय स्वतः करत होता, याची नोंद व्हावी. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवावे, चालवावे. चष्मा आणि श्रवणयंत्र कपाटात नव्हे, उशाशी हवे.

– एक वाचक