दालचिनीखालची जाळी

सावईवेरे, गोवा
२८ सप्टेंबर

प्रिय सुमे,

चवथीला तुझा फोन आला तो घेतला नाही, मागाहून केलाही नाही. रागावली असशील, आणि रास्त आहे. इथे सगळी बरी. आईची साखर आटोक्यात, माझा खांदा आहे तसाच. मुद्द्याचं सांगते. घरात कुणाला सांगून कळायचं नाही, तुला कळेल.

काल सकाळी शेजारच्या भिंतीखाली मला अ‍ॅटलास पतंगाचा एक पंख सापडला. नुसता पंख. पुढचा, उजवा. टोकाला तोच सापाच्या तोंडासारखा बाक, मधे ती त्रिकोणी काचेसारखी खिडकी. पंख हातावर धरला तर खिडकीतून तळव्याची रेघ दिसत होती. रुंदी कमी, बाक जास्त, म्हणजे नराचा. वटवाघळाने नाहीतर कोतवाल पक्ष्याने अंग खाल्लं आणि पंख टाकला.

पहिल्यापासून सांगते. श्रावणात कुळागरातल्या, म्हणजे आमच्या बागायतीतल्या, दालचिनीवर चार अळ्या दिसल्या, अंगावर पीठ भुरभुरल्यासारख्या. जाळीच्या पेटीत आणून ठेवल्या. रोज ताजा पाला, रोज लेंड्या झाडायच्या. एकीला परजीवी माशीने आधीच गाठलं होतं, ती गेली. उरलेल्या तिघींनी ऐन गणपतीवर माटोळी बांधायच्या गडबडीत पानं ओढून घेऊन कोश विणले. गेल्या आठवड्यात दोन नर निघाले. मिशा पाहायला हव्या होत्यास, नेच्याच्या पानासारख्या रुंद! आनंदाच्या भरात दोघांना त्याच संध्याकाळी सोडलं. थोडं थांबले असते तर? परवा तिसऱ्या कोशातून मादी आली, सुमे. पुरी वीतभर, पोट जड, पंख वाळेपर्यंत डहाळीला लोंबकळून होती.

तिला खायला तोंडच नाही, तुला ठाऊक आहे. अळी असताना जे खाल्लं त्यावर जेमतेम आठवडा-दीड आठवडा काढायचा, तेवढ्यात नर यायला हवा. तिला मोठ्या जाळीत घालून दालचिनीखाली टांगलंय. रात्री उशिरा ती पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडते. आपल्याला काही येत नाही, नराला मात्र लांबून येतो म्हणतात. दोन रात्री मी टॉर्चला लाल कागद लावून पहाटेपर्यंत पायरीवर बसले. कुणी आलं नाही. आणि मधल्या सकाळी तो पंख.

शेजाऱ्यांनी चवथीआधी मोठा फ्लडलाइट लावलाय, रात्रभर जळतो. काल रात्री जाऊन पाहिलं तर भिंतभर पतंग, आमच्या तगरीवर वाढलेले ते हिरवे हॉक मॉथसुद्धा, सगळे भिंतीला चिकटून. पण दिवा उगाच नाही लावलेला. गवे उतरतात. गेल्या वर्षी त्यांची केळीची सगळी लागवड एका रात्रीत तुडवली, घरात म्हातारं माणूस. अशा माणसाला एका पतंगासाठी दिवा मालवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? दिवसभर हेच घोळतंय. तो पंख माझ्याच पेटीतल्या नराचा असेल का, हेही घोळतंय.

तुला आपली कीटकसंग्रहाची पेटी आठवते? १९९३, कॉलेजच्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट. तिथे आलेली अशीच मादी तूच धरलीस, बाटलीत मावेना म्हणून आपण काय केलं ते लिहीत नाही. लेबलावर शास्त्रीय नाव लिहिताना तू अ‍ॅटॅकसमधला एक टी खाल्लास, सरांनी माझा अर्धा गुण कापला आणि मी पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नाही! तो अर्धा गुण तू अजून देणं लागतेस. पण सुमे, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा टाचणीखाली थर्माकोलवर तांबूस अंड्यांची रांग होती, मोहरीपेक्षा जराशी मोठी. तू म्हणालीस, बुरशी आहे. मी हो म्हटलं. आपण लेबलावरून भांडलो, त्या अंड्यांविषयी आजवर एकदाही बोललो नाही.

परवा ही मादी जाळीला धरून बसली तेव्हा मला तीच रांग दिसली.

बाकी बाग छान आहे. तायकिळ्यावर, म्हणजे तुमच्या टाकळ्यावर, एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या इतक्या की यंदा भाजी दोनदाच झाली. आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं म्हणून तू फोनवर मिरवली होतीस ना, ती तुमची राणी आमच्या लिंबावर अंडी घालून गेली. माहेर गोव्यातच दिसतंय तिचं!

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीची बारावी, तिला रात्री जागवू नकोस. भावजींचा पाय बरा असेल.

आता संध्याकाळी शेजारी जाणार आहे. दोन रात्री, बारा ते चार, एवढाच वेळ दिवा बंद ठेवा म्हणेन. तेवढा वेळ मी त्यांच्या आवाठात बसेन, गवा आला तर डबा वाजवेन. नाही म्हणाले तर मादीची जाळी ओहोळापलीकडे नेईन, तिथे काळोख आहे.

रात्री बारानंतर फोन कर. मी जागीच आहे.

तुझी,
अर्ध्या गुणाची