मराठी अभिजात झाली, मराठीचा वर्ग बंद झाला

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

आमच्या कॉलेजने परवा कळवलं की येत्या जूनपासून बी.ए.ला मराठी स्पेशल नाही. कारण काय, तर विद्यार्थी पुरेसे नाहीत. तेरा मुलं होती, त्यांत नऊ मुली. त्यांना म्हणे भूगोल घ्या, नाहीतर जिल्ह्याच्या गावी जा. एवढ्या लांब मुलींना घरचे पाठवतील?

मी त्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचेच पैसे. नेट झालं, पीएच.डी. झाली, वय चाळिशीला टेकलं. उन्हाळ्यात पगार नाही आणि झालेल्या तासांचं बिलही महिनोन्‌महिने निघत नाही. यंदाची दिवाळी वडिलांच्या पेन्शनवर केली. लग्नाच्या बैठकीत ‘परमनंट आहात का?’ एवढं विचारून पाहुणे उठतात. राज्यात प्राध्यापकांच्या दहा हजारांवर जागा रिकाम्या आहेत, असं आमच्या संघटना सांगतात. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो जाहीर करा, पण जागा भरा!

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि चौकाचौकांत नेत्यांचे फलक लागले. प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून गाथासप्तशती, लीळाचरित्र पुढे केलं. ते पोरांना वाचायला शिकवणारा माणूस मात्र तुम्हाला तासावर हवा.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा सरकारलाच जुनी मोडी लिपी वाचणारी माणसं हुडकावी लागली. लोकांच्या हक्काचे कागद दप्तरात होते आणि वाचणारे मोजके. ती माणसं कुठल्या कौशल्य केंद्रात तयार झाली नव्हती, जुन्या कागदांच्या नादाला लागलेली होती. कला शाखा म्हणजे काहीच न जमणाऱ्यांची शाखा, हे तुम्हीच लोकांच्या डोक्यात भरवलंत. प्लेसमेंट किती, हा एकच प्रश्न विचारून अख्खी शिक्षणव्यवस्था तुम्ही नासवलीत.

मागच्या वर्षी मी वर्गाला जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सांगितल्या. ऊसतोड कामगाराच्या मुलीने आजीकडून ऐकून शंभर पानी वही भरून आणली. सासरचा जाच, भावाची वाट, पोटची गेलेली लेक. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, “सर, आजी आमच्याशी कधी एवढं बोललीच नव्हती.” हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ या संशोधकांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून त्या बायांचं म्हणणं आज वाचता येतं. या मुलीच्या वहीचं पुढे काय करायचं, हे तिला कोण शिकवणार? भूगोलाचे सर?

साहेब, मला सत्कार नको, समिती तर मुळीच नको. ग्रामीण भागात विद्यार्थी दहा असले तरी भाषा आणि इतिहासाचे वर्ग बंद करता येणार नाहीत, असा शासन निर्णय प्रवेश सुरू व्हायच्या आत काढा. आमची थकलेली बिलं या महिन्यात द्या. आणि भरतीची तारीख सांगा, वर्षासकट.

आपला,
तासिका तत्त्वावरचा मराठीचा एक प्राध्यापक