रविवारच्या सायकल राइडआधी वाचा

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी पहाटे साडेपाचला रत्नागिरीच्या मारुती मंदिर सर्कलहून निघायचं. शिरगाव, आरे-वारेमार्गे गणपतीपुळे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हेल्मेट-जर्सीवाला समोरून आला की आपला हात आपसूक वर जातो. पण कॅरिअरला मासळीची टोपली बांधून निघालेल्या मावशी किंवा हँडलला डबा अडकवून बागेत कामाला जाणारे काका दिसले, की मागून नुसतं ‘साइड!’ ओरडून आपण पुढे. हे मला मनापासून खटकतं. आरे-वारेचा चढ आपण हलक्या गिअरवर काढतो. ती माणसं गिअर नसलेली सायकल घेऊन रोजची येजा करतात. त्यांना आधी हात करा, ‘येतो काका’ म्हणा.

कुणाची हवा गेलेली दिसली तर थांबा. प्रेस्टाचा (आपल्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हचा) पंप साध्या सायकलच्या व्हॉल्व्हलाही बसतो, तेव्हा ‘आमचा पंप वेगळा’ ही सबब नको.

नवीन सभासदांना सायकलची किंमत विचारू नये. चढावर मागे राहिलेल्यासाठी वर थांबायचं, आणि तो पोचल्यावर त्यालाही दम खाऊ द्यायचा.

पाणी, जादा ट्यूब, मागचा लाल दिवा प्रत्येकाकडे हवाच.