दाभोळला उतरण्याआधी वाच

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी न बोलता निघालीस. ते राहू दे. काल हर्णैहून तू बाबांना म्हणालीस की सायकलचा मागचा ब्रेक किंचाळतो, म्हणून लिहितेय.

चाक काढ. ब्रेकच्या रबरात जांभ्याची बारीक कच आणि रिमचा चुरा रुतून बसतो. तो सुईने उकर, वरचा तुकतुकीत थर पॉलिश पेपरने घासून काढ, रिम कोरड्या फडक्याने पूस. चाक बसवल्यावर ५ नंबरची एलन की घे. रबराच्या मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठा धर, ब्रेक दाब आणि तसाच दाबून ठेवून बोल्ट आवळ. पुढचं टोक आधी टेकलं की आवाज जातो. रबर टायरला घासत नाही ना, तेही बघ. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर सरळ नवी जोडी लाव. हँडलच्या पिशवीत अण्णांच्या डबीत आहे.

चढाची मला चिंता नाही. गिअर आधीच हलका कर, पेडलवर जोर असताना बदलू नकोस, नाहीच जमलं तर ढकलशील. पण तिकडे प्रत्येक खाडीला सड्यावरून, वरच्या सपाट कातळमाळावरून, खाली यावं लागतं. दाभोळला उतरायचं, फेरीबोटीने धोपावे, की लगेच चढ. तवसाळ-जयगडला पुन्हा तेच. उताराला ब्रेक धरून बसू नकोस. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक दाबून वेग तोड, सोड, पुन्हा दाब. वळणाआधीच वेग कमी झालेला हवा. लाल कचेवर झुकलेली असताना पुढचा ब्रेक लावलास की चाक सरकलंच.

पुन्हा शाळा सुरू झाली ना माझी? चिडू नकोस. पर्वतीच्या उतारावर पाय वर उचलून “आजी, बघ!” ओरडायचीस, आजी डोळे मिटून घ्यायची. एकटी निघालीस याचं शेजारी कौतुक सांगताना माझाच आवाज चढतो. दादाच्या वेळेनंतर मात्र उतार म्हटलं की मला सुचत नाही काही.

फेरीत सायकल आडवी ठेवावी लागली तर डाव्या कुशीवर ठेव. उजवीकडे डिरेलर आहे, साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा. तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला तर हलक्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जातो, मग गुहागरपर्यंत पायीच. तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, पंक्चरवाल्याचं नोझल मोटरसायकलचं. पितळी अडॅप्टर टोपणासारखा व्हॉल्व्हवरच लावून ठेव. सड्यावर सावली नसते. दोन लिटर पाणी भरून घे, अकराच्या आत टेक.

आणि आरे-वारेला समुद्र बघायचा तर थांबून बघ. रस्ता तिथेच खाली जातो, सामानासकट सायकल किती पटकन वेग धरते ते तुला ठाऊक आहे.

गुहागरला मुक्काम केलास तर पुढच्या ब्रेकचं रबरही तपास. फोन बाबांनाच केलास तरी चालेल.

— आई