काळ्या रंगाखालची पिवळी रेघ

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेली अठरा वर्षं मी प्रवासी विमानं उडवतो आहे. या पत्रात आकाशाबद्दल काही नाही. विमान बे, म्हणजे उभं राहायची जागा, सोडून रनवेच्या तोंडाशी पोहोचेपर्यंतचं जे कोसभर अंतर असतं, त्याबद्दल लिहितो आहे.

काही पावसाळ्यांपूर्वीची रात्र. विमानतळाचं नाव घेत नाही. टॅक्सीवेचं, म्हणजे बे आणि रनवे जोडणाऱ्या रस्त्याचं, काम चालू असल्यामुळे एक वळण बदललं होतं. विमान जिच्यावरून न्यायचं ती जुनी पिवळी रेघ काळ्या रंगाने झाकून शेजारी नवी मारली होती. दिवसा, कोरड्यात हे चालून जातं. पण पावसात ओला काळा रंग चकाकायला लागतो आणि त्याखालची रेघ पुन्हा वर येते. आमच्या दिव्यांच्या उजेडात दोन रेघा दिसत होत्या, दोन्ही सारख्याच खऱ्या. नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांना मिळणाऱ्या सूचनापत्रात, वळणाचं जे नाव होतं, त्याची पाटी बाहेर कुठेच नव्हती. फर्स्ट ऑफिसर म्हणाली, "सर, डावी असावी." 'असावी'च्या भरवशावर सत्तर टनांचं विमान वळवत नाहीत. पार्किंग ब्रेक लावला, जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरला कळवलं, वाट दाखवणारी फॉलो-मी जीप मागवली. मागे तीन विमानं खोळंबली, कंट्रोलरचा आवाज चढला, उशीर आमच्या खात्यावर लागला. मी रिपोर्ट लिहिला. त्याची पोच आली. पुढच्या खेपेला दोन्ही रेघा जिथल्या तिथे होत्या.

एक्स्प्रेसवेवर खोपोलीचा फाटा चुकला तर पुढे जाऊन वळून येता येतं. विमान चुकीच्या वळणातून मागे घ्यायला टग, म्हणजे विमान ढकलणारा ट्रॅक्टर, बोलवावा लागतो. आणि ते वळण चालू रनवेवर उघडत असेल, तर टग येईपर्यंतचा वेळही मिळेलच असं नाही.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी दाट धुकं होतं. एका छोट्या सेस्ना जेटला आर-५ या टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ वर गेलं. वाटेत जमिनीवर रंगवलेलं 'एस-४' वैमानिकाने वाचलं आणि टॉवरला तसं सांगितलंही. पण एस-४ कुठे आहे हे कंट्रोलरला ठाऊक नव्हतं. त्याच्या नकाशात ती खूणच नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारा रडारही चालू नव्हता. सेस्ना सरळ रनवेवर गेली आणि उड्डाण घेणारं एमडी-८७ हे प्रवासी विमान तिच्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. वैमानिक चुकला, हे खरंच. पण आपण कुठे आहोत हे त्याने सांगितलं होतं, आणि ते समजून घ्यायची सोय टॉवरकडे नव्हती. हे प्रकरण मी नव्या मुलांना शिकवतो, तेव्हा वर्ग या वाक्यापाशी गप्प होतो.

आपल्याकडचं पाहा. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात उड्डाणासाठी धावणाऱ्या ए-३२१ या प्रवासी विमानासमोर रनवेवर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने वेळेआधी विमान उचललं, त्यात विमानाच्या अंगाला मार बसला. मार्च २०२४ मध्ये कोलकात्यात टॅक्सी करणाऱ्या विमानाचा पंख उभ्या विमानाला घासला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात मोपाला एका विमानाने रनवे समजून टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी वेग घ्यायला सुरुवात केली, टॉवरने ते थांबवलं. अशा वेळी वैमानिकांना आधी ड्यूटीवरून उतरवलं जातं. खुशाल उतरवा. पण त्याच दिवशी, त्याच उजेडात, कॉकपिटच्या उंचीवरून तिथल्या रेघा, दिवे आणि पाट्यांचे फोटोही घ्या, आणि ते चौकशी अहवालात छापा.

मागणं फार मोठं नाही. जुनी रेघ रंगाने झाकायची नाही, पाण्याच्या जोराने खरवडून काढायची. काम चालू असेल तिथे नकाशा, पाटी आणि नोटॅम यांत एकच नाव हवं, आणि हे जुळलं का ते वाहतूक सोडण्याआधी एखाद्या लाइन पायलटला, म्हणजे रोजची उड्डाणं करणाऱ्या वैमानिकाला, रात्री फिरवून तपासायचं. आमचे रिपोर्ट उत्तरासह उघड व्हावेत, नावं गाळून. रनवेच्या तोंडाशी 'थांबा' सांगणारा लाल दिव्यांचा स्टॉप बार बंद असेल, तर ती सूचना पानभर संक्षेपांच्या गर्दीत हरवायला नको. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर तटरक्षक दलाचं विमान रनवेवर शिरलं, तेव्हा तिथला स्टॉप बार दुरुस्तीमुळे बंदच होता. सॅन फ्रान्सिस्कोत जुलै २०१७ मध्ये रनवे बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानांत आठव्या पानावर होती. तिथे उतरायला आलेलं एक विमान टॅक्सीवेलाच रनवे समजून खाली आलं आणि त्यावर रांगेत उभ्या असलेल्या चार विमानांच्या डोक्यावरून कसंबसं वर गेलं.

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. पुढच्या टप्प्यांचं बांधकाम आणि विमानांची ये-जा तिथे वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी चालेल. म्हणजे वळणं बदलणार, रेघा पुसल्या जाणार, नव्या मारल्या जाणार. वरची यादी तिथूनच सुरू करता येईल.

जुलैच्या एखाद्या रात्री, पाऊस असताना, आपण स्वतः विमानतळाच्या गाडीतून टॅक्सीवेवर चक्कर मारावी, ही विनंती. आपण पाट्या वाचा, मी नकाशा धरतो.

आपला,
एक वैमानिक
पुणे