पोरं पुटपुटतायत तर पुटपुटू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

नातवाच्या शाळेतनं डायरीत शेरा आलाय, "गणित सोडवताना स्वतःशी बोलतो, लक्ष द्यावे." लक्ष दिलं. पोरगं तिसरीत आहे, वजाबाकी करताना "तेरातनं आठ गेले, राहिले पाच" असं ओठातल्या ओठात म्हणतं आणि बहुतेक उत्तरं बरोबर येतात, मग लक्ष नेमकं कशाकडे द्यायचं ते काही मला कळलं नाही. सून म्हणाली, बाबा तुमचंच बघून शिकलाय. असेलही.

मी रेल्वेत होतो, आधी असिस्टंट मग लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, भुसावळला. आमच्याकडे तोंड मिटून गाडी चालवायची सोयच नाही हे बाहेर पुष्कळांना माहीत नसतं. सिग्नल दिसला की दोघांनी तो ओळखायचा आणि एकमेकाला मोठ्यानं सांगायचा, रेल्वेच्या नियमपुस्तकात, जनरल रूल्समध्ये, तसा नियमच आहे. असिस्टंट हात करून म्हणणार "डिस्टंट, डबल यलो", म्हणजे लांबच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे, की ड्रायव्हरनं तेच परत बोलायचं, दोघांना समोर स्वच्छ दिसत असलं तरी. नवीन असताना मला पण हसू यायचं. पण रात्री तीन वाजता मालगाडी घेऊन चाललोय, डोळे उघडे आणि डोकं झोपलेलं, अशा वेळी पिवळा नुसता दिसतो आणि पुढे काहीच होत नाही हो, तोच तोंडानं "यलो" म्हटलं की हात आपोआप ब्रेककडे जातो. जपानचे मोटरमन तर एकटे असले तरी बोट दाखवून बोलतात, शिसा कांको म्हणतात त्याला. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये प्रयोग करून बघितला तर बोट दाखवून बोलणाऱ्यांच्या चुका गप्प राहणाऱ्यांपेक्षा जवळपास ८५ टक्के कमी भरल्या.

आता रिटायर झालो तरी घराबाहेर पडताना "गॅस बंद, गिझर बंद, मागची कडी लावली" हे बोलूनच निघतो, शेजारचे हसतात, हसू देत, निम्म्या रस्त्यात गॅसची आठवण होऊन परत मी येत नाही. आमचे वडील खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजायचे तेव्हा पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचे आणि पुढचं माप पडेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचे, मध्ये कुणी काही विचारलं तरी मोजणी चुकायची नाही. त्यांना कुणी येडा म्हटलं नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे जुनंच आहे. रशियात व्हिगॉट्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, १९३४ ला वारले, जेमतेम सदतीस वय. ते पोरांना चित्र काढायला द्यायचे आणि मुद्दाम अडचण करून ठेवायचे, हवी ती पेन्सिलच गायब, असं. तर पोरांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. म्हणजे अवघड आलं की पोर बोलून वाट काढतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्यांचं म्हणणं होतं की हे बोलणं वय वाढलं की विरून जातं, व्हिगॉट्स्की म्हणाले जात नाही, ते आत जातं, त्याचाच पुढे विचार होतो. मला दुसरं पटतं.

कुणी म्हणेल मग डब्यात स्पीकरवर व्हिडिओ कॉल करणाऱ्यांचं पण कौतुक करा. ते वेगळं, तो दुसऱ्याच्या कानाला ताप आहे. आणि नसलेले आवाज ऐकू येत असतील, त्यांच्याशी भांडण चाललं असेल तर सरळ डॉक्टरकडे न्यावं, तिथं घरगुती शहाणपण नको.

वर्गातली सगळीच पोरं एकदम बोलायला लागली तर बाजार होईल हे मान्य, परीक्षेत तर चालणारच नाही. पण सरावाच्या तासाला ओठ हलले म्हणून शेरा कशाला? उलट बाईंनी जवळ जाऊन ऐकावं. परवा आमच्या नातवानं ४३ वजा १८ चं उत्तर ३५ लिहिलं. वहीत नुसती फुली बसली असती. मी ऐकत होतो, तो म्हणत होता "आठातनं तीन गेले पाच", म्हणजे तीनातनं आठ जात नाहीत म्हणून त्यानं सरळ उलटं केलं होतं. दोन मिनिटात दाखवून दिलं, पुढची सगळी बरोबर आली.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ