स्टीलचे ब्रेक पाइप लावा, पण घाटासाठी नको

मा. संपादक,

सध्या इंदूरमधे गाड्यांना स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप लावायचं खूळ आलंय. मेकॅनिकचं बोलणं ठरलेलं, "भिया, पेडल एकदम टाइट, घाट में मजा आ जाएगा". यातलं पेडलचं खरंय, घाटाचं नाही, म्हणून हे पत्र.

ब्रेक ऑइलचा दाब चाकापर्यंत नेणारा कंपनीचा होज, म्हणजे लवचिक पाइप, रबराचा असतो, जोरात ब्रेक दाबला की किंचित फुगतो आणि तेवढं पेडल मऊ लागतं. या नव्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी, त्यामुळे फुगणं जवळपास बंद, आणि जुन्या गाडीत तर फरक पायाला लगेच कळतो. पण गाडी किती अंतरात थांबणार ते शेवटी टायरच्या पकडीवर आहे, आणि चाक लॉक होईल किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईल इतका जोर चांगल्या रबरी पाइपातूनही पोचतोच की.

आता घाट. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना किंवा एबी रोडनी मानपूरहून खलघाटकडे जाताना लोक टॉप गिअरमधेच ब्रेकवर पाय ठेवून उतरतात (डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग वेगळेच), त्यानी पॅड, डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सगळं तापतं आणि ती उष्णता आतल्या ब्रेक ऑइलला लागते. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल 230 अंशांच्या आत उकळायला नको असा नियम आहे, पण पाणी मुरलेल्यासाठी हीच मर्यादा 155 आहे, म्हणजे बघा किती फरक पडतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, तुम्ही पेडल दाबता ते बुडबुडे दाबण्यात जातं आणि पेडल खाली बसतं. तिथे पाइप स्टीलचा असला काय आणि सोन्याचा असला काय! साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला आणि उतारावर खालचा गिअर टाका, खर्च पाइपांपेक्षा कितीतरी कमी.

तरी लावायचेच असतील तर आपल्या मॉडेलसाठी बनवलेला, एंड (टोकाची जोडणी) कंपनीतच प्रेस करून प्रेशर टेस्ट केलेला सेट घ्या. मीटरवर कापून एंड चढवून देणाऱ्याकडून ब्रेकचा पाइप अजिबात नको. बँजो बोल्टचे (पाइप कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच घालायला लावा, जुने दाबले गेलेले असतात, तिथूनच पाझरतं. पाइपला पीळ बसायला नको. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि जॅकवर चाक लोंबकळत ठेवून बघा की पाइप कुठे ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, कारण ही जाळी कानशीसारखी समोरचं सगळं कापत जाते, म्हणून वर प्लॅस्टिकचं कव्हर असलेलीच बरी. पाइप बदलल्यावर आत शिरलेली हवा नीट काढली नाही तर महागाचे पाइप लावूनही पेडल आधीपेक्षा मऊ, आणि काही एबीएस गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लागतो तो त्या गॅरेजकडे आहे का ते आधीच विचारा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानी धुवा, रंग उठतो.

अजून एक, जे विकणारा सांगत नाही. रबराला चिरा पडल्या की वाकून बघितलं तरी दिसतात, जाळीच्या आत काय चाललंय ते मात्र दिसत नाही. उलट जुना रबरी होज कधी आतून सुजून बंद होतो, मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाक तापतं. अशा गाडीला कंपनीचा नवा रबरी होज टाकला तरी भागतं.

पीयूसीत धूर तपासतात, पण खासगी गाडीचे ब्रेक पाइप रजिस्ट्रेशनची 15 वर्षं होईपर्यंत कुणी सरकारी माणूस बघत नाही. पावसात सगळं इंदूर पातालपानी, चोरल, ओंकारेश्वरला निघतं, त्याच्या आधी आरटीओनी ब्रेक ऑइल आणि होज तपासायचं एखादं मोफत शिबिर घ्यावं, आणि आपल्या पेपरनी ते मागे लागून करवून घ्यावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर